डिझेलचा हिशेब आणि यंत्राची निगा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आम्ही काही व्याख्याते नव्हे. आमचे निम्मे आयुष्य वणीच्या रस्त्यावर आणि उरलेले निम्मे मालमोटारीखाली पाठ टेकून गेले. परंतु चिटणीस म्हणाले, "तुम्हांला जे कळते, तेवढेच सांगा." ह्या बोलण्यास उत्तर नव्हते. म्हणून आज आम्ही आपल्यापुढे उभे आहोत.

विषय आहे डिझेलचा वाढता खर्च आणि राबणाऱ्या यंत्राची निगा. विषय रूक्ष वाटेल. पण ह्या मंडपात बसलेल्या किती घरांची चूल त्यावर पेटते, ते आपण जाणता. कोणाच्या दारी ट्रक आहे, कोणाच्या दारी ट्रॅक्टर, कोणाच्या विहिरीवर ऑइल इंजिन. आपली दोन माणसे भेटली की कुशल विचारून होते न होते तोच डिझेलच्या भावाची गोष्ट निघते. गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातील काही घरांच्या दारांतून गाडी गेली. कोणी ती विकली, कोणाची हप्ते थकल्यामुळे ओढून नेली. प्रत्येकाने कारण सांगितले ते एकच : डिझेल महागले. आमच्या घरची एक गाडी गेली, तेव्हा आम्हीही हेच कारण सांगितले होते. ते पूर्ण खरे नव्हते. खरे काय ते आज सांगावे, एवढ्यासाठीच हे बोलणे आहे.

आपण सुतार-लोहारांची लेकरे. वर्धेपासून पैनगंगेपर्यंतच्या ह्या मुलखात जोवर कापूस बंडीतून बाजारास जात होता, तोवर त्या बंडीचे चाक आपल्या वाडवडिलांच्या हातचे होते. सुताराने तुंबा कोरावा, आरे बसवावेत. लोहाराने लोखंडी धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल करून चाकावर चढवावी आणि वर पाणी ओतून ती आवळावी. चाक उत्तम झाले तरी आमचे आजोबा गाडीवानास बजावत, "वंगण विसरू नकोस." एरंडेल तेलाचे नळकांडे बंडीला टांगलेले असे. वंगणात कंजुषी केली तर आख कुरकुरतो, चाक जड होते आणि त्याचा भार शेवटी बैलाच्या मानेवर पडतो. त्या काळी बैलाच्या मानेवरची सूज गाडीवानाला डोळ्यांनी दिसे. आज मालमोटारीची मान सुजलेली दिसत नाही. ती डिझेलच्या बिलात दिसते. ते बिल वाचावयास मात्र आपण शिकलो नाही.

आता भावाविषयी. तो आपल्या हातचा नाही, हे प्रथम कबूल करू. 19 ऑक्टोबर 2014 पासून सरकारने डिझेलच्या भावावरील नियंत्रण काढून घेतले. 16 जून 2017 पासून देशभर भाव रोज बदलू लागला. त्याच वर्षी 1 जुलै रोजी वस्तू व सेवा कर आला, पण डिझेल त्याच्या बाहेर ठेवले गेले. त्यावर केंद्राचे उत्पादनशुल्क आणि राज्याचा विक्रीकर निराळा लागत राहिला. कच्च्या तेलाचा भाव परदेशात ठरतो, रुपयाची किंमत बाजारात ठरते, कर दिल्लीस आणि मुंबईस ठरतो. ह्यांपैकी एकही गोष्ट पांढरकवड्यास वा पुसदला ठरत नाही. 22 मे 2022 रोजी केंद्राने डिझेलवरील उत्पादनशुल्क लिटरमागे 6 रुपयांनी उतरवले, तेव्हा वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले आणि आपण सर्वांनी समाधानाचा सुस्कारा टाकला. त्यात गैर काही नाही. पण एक हिशेब मांडून पाहा.

एक दहाचाकी मालमोटार महिन्यास 6,000 किलोमीटर चालते आणि लिटरमागे 4 किलोमीटर देते असे समजू. तिला महिन्यास 1,500 लिटर डिझेल लागेल. हिशेबाच्या सोयीसाठी भाव 90 रुपये धरला, तर खर्च 1,35,000 रुपये झाला. तीच गाडी निगा राखल्यामुळे 4 ऐवजी 4.4 किलोमीटर देऊ लागली, तर डिझेल लागेल सुमारे 1,364 लिटर. म्हणजे सव्वाबारा हजार रुपये वाचले. एवढी बचत भाव उतरून व्हावयाची, तर तो लिटरमागे 8 रुपयांनी उतरावा लागेल. ज्या 6 रुपयांसाठी देशभर मथळे झळकले, त्याहून मोठी कपात आपल्याच गॅरेजात, आपल्याच हातांनी होऊ शकते. तिची बातमी कोणी छापणार नाही. पण महिन्याच्या अखेरीस ती घरात दिसेल.

हे आम्हांस कळले, पण फार उशिरा कळले. तो प्रसंग सांगतो. त्यात आमची शोभा नाही, तरी सांगतो.

आमच्याकडे त्या वेळी दोन गाड्या होत्या. दुसरी गाडी वणीच्या बाजूस कोळसा वाहत असे. तिच्यावर आपल्याच समाजातील एक मुलगा ड्रायव्हर होता. एके दिवशी तो म्हणाला, "काका, गाडीचा ॲव्हरेज उतरला आहे, धूरही निळसर येतो. हवेच्या नळीला चीर गेली आहे, बदलून घ्या." आम्ही म्हणालो, "हा हंगाम होऊन जाऊ दे." पंधरा दिवसांनी त्याने पुन्हा सांगितले. आम्ही पुन्हा तेच उत्तर दिले. ती नळी काही शे रुपयांची होती. एक फेरी बुडेल ह्या लोभाने आम्ही गाडी उभी केली नाही. उलट डिझेल जास्त लागते हे दिसताच आमच्या मनात पाप आले. हा मुलगा डिझेल विकत असावा असे आम्हांस वाटले. आणि वाटले एवढेच नव्हे, तर चार माणसांत आम्ही तसे बोललो. तो काही न बोलता किल्ली ठेवून निघून गेला.

त्यानंतर महिन्याभरात भर उन्हात इंजिन बसले. मिस्त्रींनी ते खोलले. लायनर खरवडून निघाले होते, रिंगा झिजून धारदार झाल्या होत्या, आणि हवेच्या वाटेत कोळशाची काळी भुकटी जमली होती. मिस्त्री वृद्ध होते. त्यांनी फाटलेली नळी आमच्या हातात दिली आणि एवढेच म्हटले, "चोर हा आहे." इंजिनाच्या दुरुस्तीस पैसा लागला, दुरुस्ती होईतो गाडी उभी राहिली, हप्ते थकले आणि शेवटी गाडी गेली. लोकांना आम्ही सांगितले, डिझेल महागले. बैल गेला नि झोपा केला, ही म्हण आम्ही लहानपणी पाठ केली होती. तिचा अर्थ त्या दिवशी कळला.

त्या मुलाच्या घरी आम्ही गेलो. त्याच्या वडिलांसमोर हात जोडले. तो पुन्हा आमच्या पहिल्या गाडीवर येण्यास तयार झाला, पण एका अटीवर. तो म्हणाला, "काका, गाडीत एक वही ठेवा. डिझेल किती भरले, गाडी किती चालली, मी काय बिघाड सांगितला, सारे त्यात लिहू. खाली माझी सही आणि तुमचीही सही." ती वही आजही आमच्याकडे चालू आहे. आज जे काही आम्ही सांगणार आहोत, ते त्या वहीने आम्हांस शिकवलेले आहे.

पहिली गोष्ट म्हणजे नोंद. टाकी काठोकाठ भरावी आणि मीटरचा आकडा लिहावा. पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरावी, जितके लिटर मावले तितके मधल्या किलोमीटरांस लागले असे समजावे. दोनशेचे टाका, पाचशेचे टाका, अशा भरण्यात कोणताच हिशेब लागत नाही; आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते. भरलेली फेरी आणि रिकामी फेरी निराळ्या लिहाव्यात, रस्ताही लिहावा, कारण करंजीहून पाटणबोरीपर्यंतच्या हमरस्त्याचा ॲव्हरेज खाणीच्या खड्ड्यांत मिळणार नाही. एका फेरीच्या आकड्यावरून कोणावर संशय घेऊ नये. सलग चार-पाच फेऱ्यांचा आकडा उतरू लागला की माणसाकडे बोट दाखवण्याआधी इंजिनाकडे पाहावे.

दुसरी गोष्ट हवा. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, डिझेलच्या इंजिनात ती नसते. तेथे हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणजे ह्या इंजिनाचा प्राण हवा आहे. एक लिटर डिझेल पुरते जाळण्यास निदान दहा हजार लिटर हवा लागते. आपल्या वणीकडील कोळशाची भुकटी, चुनखडीच्या खाणींची धूळ आणि उन्हाळ्यातील काळ्या मातीचा फुफाटा ह्या हवेबरोबर आत शिरू पाहतात. म्हणून एअर फिल्टर कंपनीने छापलेल्या किलोमीटरांवर सोडू नये. धुळीच्या कामावरील गाडीचा फिल्टर लवकर पाहावा, आणि फिल्टरइतकीच त्याच्यापुढची रबरी नळी व तिच्या पट्ट्या पाहाव्यात. फिल्टर उत्तम आणि नळी फाटकी, हे दार लावून भिंत पाडण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट पाणी. डिझेलच्या टाकीत दव धरते, विशेषतः पावसाळ्यात. रात्री टाकी रिकामी ठेवली की आतल्या मोकळ्या जागेतील ओलाव्याचे पाणी होते. ते पंपास आणि नोझलला गंज चढवते. म्हणून शक्य तर मुक्कामास टाकी भरलेली ठेवावी, आणि सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी काढून टाकावे. दोन मिनिटांचे काम आहे. स्वस्त मिळते म्हणून रस्त्याकडेच्या पिंपातील तेल कधी घेऊ नये. डिझेल नुसते जळत नाही, ते पंपाच्या आतील भागांस वंगणही घालते. रॉकेल मिसळलेले तेल ते काम करीत नाही, आणि चार रुपयांच्या बचतीपायी पंप जातो.

चौथी गोष्ट धूर. धूर म्हणजे इंजिनाची नाडी. काळा धूर निघाला तर डिझेल जास्त आणि हवा कमी; फिल्टर तुंबला असेल, नोझल बिघडले असेल किंवा भार बेसुमार असेल. निळा धूर म्हणजे इंजिन-ऑइल जळते आहे. गाडी तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर डिझेल अर्धवट जळते आहे, अथवा थंड करणारे पाणी आत शिरले आहे. घरातील लहान मुलालाही हे तीन रंग शिकवावेत.

पाचवी गोष्ट चाक आणि वेग. टायर थंड असताना हवा तपासावी. कमी हवेचा टायर तापतो, झिजतो आणि गाडी मागे ओढतो; आजोबांच्या वंगणाचीच ही दुसरी तऱ्हा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो, म्हणून पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघ ही संस्था ताशी 45 ते 55 किलोमीटरांच्या वेगाची शिफारस करीत आली आहे. मर्यादेबाहेर भार घालणाऱ्यास आम्ही एवढेच विचारतो की, जादा टनाचे भाडे मिळाले, त्यातून पाटे, टायर, ब्रेक आणि दंड वजा केले का? आणि रस्त्यावरच्या माणसाच्या जिवाची किंमत कोणत्या खात्यात मांडली?

सहावी गोष्ट उभ्या गाडीची. खाणीच्या काट्यावर रांग असते, कापसाच्या हंगामात जिनिंगच्या फाटकावर रांग असते, आणि इंजिन उगाच धडधडत राहते. मोठे इंजिन अशा उभ्या अवस्थेत तासाला सुमारे दोन लिटर पिते. दिवसाचे तीन तास, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे 150 लिटर झाले. नव्वदच्या भावाने साडेतेरा हजार रुपये एकही किलोमीटर न चालता गेले. मात्र येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. टर्बोचे इंजिन लांब पल्ल्यावरून येताच झटक्यात बंद करू नये. दोन-तीन मिनिटे ते संथ चालू द्यावे, म्हणजे टर्बोच्या तापलेल्या बेअरिंगला तेल मिळत राहते. दोन-तीन मिनिटे ही निगा आहे, दोन-तीन तास ही उधळपट्टी आहे.

आता नव्या गाड्यांविषयी. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 चे नियम लागू झाले. त्या नियमांच्या बहुतेक मोठ्या गाड्यांना डिझेलखेरीज युरियाचे द्रावण लागते. शुद्ध पाण्यात साडेबत्तीस टक्के शुद्ध युरिया, असे त्याचे प्रमाण असते. आपल्या घरी शेतीचा युरिया असतोच. तेव्हा काही तरुण बांधव तोच पाण्यात कालवून टाकीत ओततात, असे आमच्या कानी आले आहे. बाबांनो, हे करू नका. शेतीच्या युरियावर कडुलिंबाच्या तेलाचा लेप असतो, त्यात इतरही द्रव्ये असतात. ती धूर शुद्ध करणाऱ्या महागड्या भागात जाऊन बसतात आणि तो भाग कायमचा निकामी करतात. शिवाय पिकासाठी सवलतीत मिळालेले खत गाडीत ओतणे हा गुन्हा आहे. शेतकऱ्याच्या तोंडचे खत गाडीच्या टाकीत ओतणे आपल्यासारख्या शेतकऱ्यांच्या कारागिरांना शोभणारे नाही.

विहिरीवरील इंजिनासही हाच न्याय. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यास 1946 साली निघाली, आणि 'किर्लोस्कर' हे नाव आपल्या खेड्यांत इंजिनाचेच नाव होऊन बसले. पाऊस दडी मारतो, बोंडे धरण्याच्या वेळी वीज नसते, तेव्हा तेच जुने इंजिन कपाशी वाचवते. पाच अश्वशक्तीचे इंजिन तासाला सुमारे एक लिटर डिझेल घेते. तितक्याच डिझेलमध्ये पाणी किती येते, हे मात्र फूटव्हॉल्व्हवर, नळाच्या रुंदीवर आणि वळणांवर ठरते. जाळीत शेवाळ साठले, सांध्यातून हवा शिरली, पट्टा सैल होऊन घसरू लागला की डिझेल तेवढेच जाते आणि पाणी अर्धे येते. पंप पाण्याच्या जितका जवळ बसवता येईल तितका बसवावा.

कोणी म्हणेल, जुने यंत्र ते जुनेच, निगा राखून किती दिवस चालणार? त्यास उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी 'शकुंतला' आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. तिचे वाफेचे इंजिन 1921 साली मँचेस्टर येथे बनले होते. ते सुमारे सत्तर वर्षे राबले, आणि 15 एप्रिल 1994 रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. ज्यांनी ते इतकी वर्षे चालते ठेवले, त्या फिटरांची नावे कोठे कोरलेली नाहीत. त्यांनी रोज सकाळी तेल घातले, सैल झालेले आवळले आणि झिजलेले बदलले, एवढेच. आपल्या धंद्यातला मोठेपणा ह्याच प्रकारचा असतो.

बंधूंनो, निगेने सारे काही सुटत नाही, हेही आम्ही जाणतो. भाव रोज बदलतो आणि भाडे मात्र हंगामाच्या आरंभी ठरते. ह्या दोहोंमध्ये लहान मालक भरडला जातो. म्हणून भाडे ठरवताना त्या दिवसाचा डिझेलचा भाव कागदावर लिहून घ्यावा, आणि भाव वाढल्यास अथवा उतरल्यास भाडे कसे बदलेल, तेही लिहावे. फेरीस 100 लिटर लागत असतील आणि भाव 5 रुपयांनी चढला, तर फेरीमागे 500 रुपये, इतका हा सोपा हिशेब आहे. भाव उतरला तर आपणही भाडे उतरवावे, म्हणजे समोरचा विश्वास ठेवील. एकेकट्याने मागितले तर व्यापारी हसेल. दहा मालक मिळून एकच कागद घेऊन गेले तर तो वाचील तरी.

मंडळास आमच्या तीन विनंत्या आहेत. गाडीच्या नोंदवहीचा एक नमुना मंडळाने छापून घरोघर द्यावा. यवतमाळ, वणी आणि पुसद येथे आपल्यातील जाणत्या मिस्त्रींनी वर्षातून एक दिवस आपल्या तरुणांस इंजिन उघडून दाखवावे. आणि एक लहानसा निधी असावा, त्यातून दुरुस्तीसाठी बिनव्याजी उसनी रक्कम मिळावी, म्हणजे काही शे रुपयांच्या नळीपायी कोणाची गाडी जाणार नाही. निधीचा आरंभ म्हणून आमची यथाशक्ती रक्कम आम्ही आज खजिनदारांकडे देत आहोत.

भगिनींनाही एक विनंती आहे. आमच्या घरी त्या वहीची बेरीज गेली अनेक वर्षे आमच्या सूनबाई करतात. ॲव्हरेज उतरला की आम्हांस आधी त्यांच्याकडून कळते. घरखर्चाची काटकसर ज्या हातांना कळते, त्या हातांत ही वही अधिक सुरक्षित असते, असा आमचा अनुभव आहे.

आणि मालकांना शेवटचे सांगणे. ड्रायव्हर हा आपल्या यंत्राचा कान आहे. तो दिवसरात्र त्याच्याजवळ असतो, त्याचा आवाज बदलला की त्याला आधी कळते. त्याचे ऐका. त्याला वेळेवर पगार द्या, झोप द्या, आणि पुराव्यावाचून त्याच्यावर आळ घेऊ नका. इंजिन पुन्हा बांधता येते. चार माणसांत गेलेली अब्रू परत बांधून देणारा मिस्त्री आमच्या पाहण्यात नाही. तो मुलगा आज स्वतःच्या गाडीचा मालक आहे आणि ह्याच मंडपात बसला आहे. त्याने मना केले आहे म्हणून त्याचे नाव घेत नाही. परंतु जी क्षमा आम्ही त्याच्या घरी मागितली, ती आज चार माणसांत मागणे हे आमचे कर्तव्य होते. आळ चार माणसांत घेतला होता, म्हणून क्षमाही चार माणसांतच मागावयास हवी होती.

 प्रभू विश्वकर्मा आपल्या हातांस कसब देवो आणि त्याबरोबर हिशेबही देवो.